साखरेवर सोडलेली जादा गाडी

घाटंजीच्या बसस्थानकात मी वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणत. काम सोपं होतं. गाडी वेळेवर सोडायची, आणि गर्दी वाढली की जादा गाडी काढायची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण डोकं अजून त्या खिडकीमागे माईकसमोरच बसलेलं आहे. मागच्या हिवाळ्यात याच डोक्यानं मला जवळजवळ संपवलं.

ज्यांच्या घरी सत्तरीचं माणूस आहे, एकाच वेळी दोन-तीन दवाखाने चालू आहेत, आणि आपण हे सगळं फार छान जुळवतो आहोत असा ज्यांचा समज आहे, त्यांनी हे वाचावं. मी काही शिकवायला बसलेलो नाही. शिकवण्याइतकी अक्कल असती तर लिहायला विषयच मिळाला नसता.

एकच डोळा

माझा डावा डोळा काचबिंदूनं गेला. त्यातही माझी कामगिरी आहेच. कडेचं दिसेनासं झालं तेव्हा वर्षभर मी कोणाला सांगितलं नाही. उजव्यानं दिसत होतं ना! डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आता उजवा सांभाळा. थेंब सुरू झाले आणि उजवा टिकला. पुढे त्यात मोतीबिंदू आला. तोही मी पिकू दिला, कारण आधी सोयाबीन निघायचं होतं, मग कापूस वेचणीला आला, मग पुतणीचं लग्न निघालं. त्या लग्नात गळाभेटीच्या वेळी मी पुतणीच्या सासऱ्याला सोडून बँडवाल्याला कडकडून मिठी मारली. बँडवाला बिचारा गहिवरला. दुसऱ्या दिवशी कमल, म्हणजे माझी बायको, मला पहिल्या गाडीनं यवतमाळला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं. एवढा वेळ पाहतात तेव्हा चांगलं काही सांगणार नसतात.

"काका, आता थांबता येणार नाही. डोळ्यातलं प्रेशर चढायला लागलंय. आणि तुमचा हा एकच डोळा, म्हणून ऑपरेशन मोठे सर करतील. ते महिन्यातून एकदा नागपूरहून येतात. पुढच्या शुक्रवारी येणार आहेत."

"अन् तो शुक्रवार हुकला तर?"

"हुकवू नका," एवढंच म्हणाले.

तो दिवस बुधवार होता. हातात नऊ दिवस. तेवढ्यात नर्सबाईनं बोट टोचलं, आणि साखर निघाली तीनशेच्या वर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या साखरेवर सर डोळ्याला हात लावणार नाहीत, म्हणाले. साखर खाली आणा, फिजिशियन डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा, आणि शुक्रवारी सकाळी आठला हजर व्हा.

परतीच्या बसमध्ये कमल शेजारी बसली होती. मी हळूच उजवा डोळा मिटून पाहिला. डाव्यानं खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढं कळलं. माणसं, सीट, कमल, काहीच नाही. मी घाईनं डोळा उघडला. त्या दिवसाची भीती मला अजून नीट सांगता येत नाही. ती ओरडण्यासारखी नव्हती. घराचं दार बाहेरून कोणी हळूच ओढून घेतंय, तशी होती.

माझं टाइमटेबल

घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड पेनानं वांग्याएवढ्या अक्षरांत मी वेळापत्रक आखलं. गुरुवारी घाटंजीचा सरकारी दवाखाना. माझ्या साखरेच्या गोळ्या कितीतरी वर्षांपासून तिथूनच येतात. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, "सोमवारी पुन्हा पाहू. घाई नका करू."

घाई नका करू! शुक्रवारची गाडी लागलेली, आणि हे म्हणतात घाई नका करू. मी माझ्या पद्धतीनं विचार केला. गर्दी जास्त आहे, गाडी एक आहे. अशा वेळी काय करायचं हे मला तीस वर्षांपासून पाठ होतं.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, मी यवतमाळच्या खाजगी डॉक्टरांकडे गेलो. माझी बीपीची गोळी त्यांचीच. फिटनेस त्यांच्याकडूनच घ्यायचं होतं. कमलला बाहेर चपलांजवळ बसवलं आणि एकटाच आत शिरलो.

"सध्या साखरेची कोणती गोळी चालू आहे?"

"काई नाई सर. बंदच हाये."

"सोबत कोणी आलंय?"

"नाई सर, एकटाच."

दोन मिनिटांत बाहेर. रांगेतला एक जण कौतुकानं म्हणालासुद्धा, "काका लय लवकर निंगाले बाप्पा!" माझी छाती फुगली.

खोटं का बोललो, हे सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे निम्मे म्हातारे हेच करतात. डॉक्टरचा मान राखायचा असतो. सोयऱ्याकडे जेवायला बसल्यावर, मी आत्ताच दुसऱ्या सोयऱ्याकडे जेवून आलो, असं कोणी सांगतं का? तसंच हे. मी दर डॉक्टरची पिशवी वेगळी ठेवायचो. सरकारीची कापडी, खाजगीची प्लास्टिकची, डोळ्याची फाईल तिसरीकडे. एकाची पिशवी दुसऱ्यासमोर उघडली नाही कधी. आणि दुसरं कारण माझ्या नोकरीचं. मागे रांग उभी असली की मला वाटतं, माझ्यामुळे गाडी लेट होते आहे. आयुष्यभर लोकांना 'चला, पुढं सरका' म्हटलं, आता स्वतः दारात कसा उभा राहू?

खाजगी डॉक्टरांनीही चांगली जोरदार गोळी लिहून दिली. मी सकाळी सरकारी घेतली, मागोमाग खाजगी. शिवाय कोणीतरी सांगितलं म्हणून कारल्याची पावडर, आणि रात्री फक्त अर्धी भाकर. शनिवारी मेडिकलवाल्याकडे बोट टोचून घेतलं, तर साखर सरसर खाली आलेली. गाडी वेळेच्या आधी धावत होती! हात थोडे कापत होते. थंडीचे दिवस आहेत, म्हटलं.

रविवार

पुढचं मला आठवत नाही. कमल सांगते ते लिहितो. ती हल्ली हे पाहुण्यांना अभिनयासकट सांगते.

सकाळचे अकरा वाजले असतील. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी घरातून बाहेर आलो, हाताचा भोंगा केला आणि मोठ्यानं म्हणालो, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. यवतमाळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

"झालं सुरू!" कमल हसली. "बसा आता उन्हात."

"बाई, बोजा बाजूला घ्या. रस्ता मोकळा करा."

ती आणखी हसली. शेजारच्या ओट्यावरून सलीमभाईंची बायकोही हसली. मी हे असले प्रकार घरात नेहमी करतो, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. पंधरा मिनिटं मी गाड्या सोडत होतो आणि बायका हसत होत्या. म्हणजे माझ्या जन्मभराच्या चेष्टेखोरपणानं त्या दिवशी माझीच पंधरा मिनिटं खाल्ली.

मग कमलचा हात थांबला.

"आपल्या जोकवर पह्यले हेच हासते," ती सांगते. "आमी हासाच्या आंधी. त्या दिवशी हे हासलेच नाई. तवा मी शेंगा टाकून उठली."

जवळ येऊन पाहिलं तर ऐन थंडीत माझी बनियन भिजून चिंब. डोळे तिच्याकडे, पण नजर कुठे भलतीकडे. तिनं घरातून गूळ आणला आणि गालात कोंबायला लागली. मी दात घट्ट मिटून घेतले. म्हणे मी सारखा एकच शब्द बोलत होतो, "शुक्रवार, शुक्रवार." मरायला टेकलो होतो, पण साखर वाढू देत नव्हतो.

"सलीमभाऊ! गाडी काढा, लवकर!"

सलीमभाईंनी रिक्षा काढली. एक बाजू त्यांच्या बायकोनं धरली, एक कमलनं. रस्त्यात रविवारच्या बाजाराची सवारी हात दाखवत होती, त्यांनी एकासाठीही ब्रेक लावला नाही. अशी विनाथांबा गाडी माझ्या नोकरीत मला कधी सोडता आली नाही.

पिशवी

शुद्ध आली तेव्हा हाताला सलाईन होतं, आणि समोर एक पांढरं काहीतरी हलत होतं. आवाजावरून ओळखलं, वंदना सिस्टर. घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात साखरेच्या गोळ्यांच्या खिडकीवर वर्षानुवर्षं याच असतात.

"काका, आता कसं वाटते? कोनत्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"तुमच्याच."

"आनखी?"

"नाई बाप्पा."

बघा. आडवा पडलेलो, जिभेला अजून गुळाची चव, आणि मी तरी डॉक्टरांचा मान राखतोय!

"थांबा सिस्टर," कमल म्हणाली. निघताना तिनं खुंटीवरच्या सगळ्या पिशव्या बाजाराच्या थैलीत कोंबून आणल्या होत्या. ती थैली तिनं माझ्या पायांवर उलटी केली.

सिस्टरनं दोन पाकिटं उचलली, उलटवली, उजेडात धरली.

"काका, हे आमचं पाकीट, हे यवतमाळचं. कंपनी अलग, रंग अलग. आतमधलं औषध एकच हाये. मांगं बारीक अक्षरात लिव्हलं हाये."

"मले बारीक दिसते कुठं?"

"म्हून तं इचाराचं असते न! दोघाइनंही जास्त डोस देल्ला. दोघाइलेही वाटलं, आपलीच गोळी चालू हाये."

म्हणजे मी दोन वेगळ्या गाड्या सोडतो आहे असं समजत होतो, आणि प्रत्यक्षात एकाच रस्त्यावर, एकाच दिशेला, दोन भरधाव गाड्या. डॉक्टर आले आणि म्हणाले, या औषधाचा असर लवकर उतरत नाही, साखर पुन्हा पडू शकते, दोन दिवस सोडणार नाही. दर तासाला बोट टोचणं सुरू झालं. दहा बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या खाटेवरच्या आजीनं आपला बिस्किटाचा पुडा माझ्या उशाशी ठेवला आणि सुनेला म्हणाली, "त्या येड्या बुड्याले खाऊ दे. उपाशी मरत होता म्हने." दवाखान्यात अशी पदवी फुकट मिळते.

संध्याकाळी वॉर्ड शांत झाल्यावर कमल बोलली. आवाज चढवला नाही.

"एक डोळा वाचवाच्या नांदात सगळा मानूसच घालवत होते तुमी. मले चपलाइजवळ बसवून."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. पुण्याहून मुलाचा, प्रशांतचा फोन आला. "बाबा, रोज मला काय सांगत होते? सगळं टाइमवर चालू आहे!" म्हणाला, निघतो. मी म्हटलं, सुट्टी कायले घेतोस. कमलनं माझ्या हातातून फोन घेतला आणि एकच शब्द म्हणाली. "ये."

थंड झालेला डबा

सोमवारी दुपारी मी न राहवून विचारलं, "सिस्टर, शुक्रवार गेला का माह्या हातचा?"

"पाहू न काका," त्या म्हणाल्या.

त्यांची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्या माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या, मांडीवर डबा उघडला, आणि खांद्यावर मान वाकडी करून त्यात फोन अडकवला. पहिला फोन डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथे कोणीतरी दुसऱ्या कोणाला बोलावून आणलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साखर स्थिर असली तर शुक्रवारचा नंबर राहील, असं उत्तर मिळालं. दुसरा फोन खाजगी डॉक्टरांकडे. कंपाउंडर म्हणाला, ओपीडी चालू आहे.

"मंग मी लाईनवर थांबते," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट तुमचाच हाये, भाऊ. आमचाबी हाये."

हे वाक्य मी तीन दवाखान्यांत मिळून पहिल्यांदा ऐकलं. तोवर एका डॉक्टरपुरता दुसरा डॉक्टर या जगात नव्हताच. ती सोय मीच केली होती.

डबा तसाच उघडा. वांग्याच्या भाजीवर तेल गोठत चाललं होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. मी शिव्या खायला तयार झालो.

"काका, मी विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"हाव सर."

"पण तुमची पिशवी मागायला हवी होती. बाहेर गर्दी होती, मी मागितली नाही. गुरुवारी सकाळी या, ओपीडी सुरू व्हायच्या आधी. निवांत बघतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खोटं मी बोललो होतो, आणि ते आपली चूक शोधत होते.

सुट्टी संपायला पाच मिनिटं उरली तेव्हा सिस्टरनं एक कोरा कागद घेतला. कोणतं औषध, कोणी दिलं, कोणत्या वेळेला, काय बंद केलं, रोजची साखर किती, सगळं एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. "जिथं जासाल तिथं हा कागद पह्यले द्याचा. मंग तोंड उघडाचं." मला तो धूसर दिसत होता. कमल रोज सकाळी वाचून दाखवायची आणि त्याप्रमाणे गोळी हातावर ठेवायची.

ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे त्यांना एवढंच सांगतो: सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या एकाच थैलीत टाका, आणि ती थैली टेबलावर ओता. डॉक्टरांचा मान त्यांचा ते सांभाळतात. आणि आत जाताना घरचं माणूस सोबत न्या. शक्यतो तुमचं सगळं ठाऊक असलेलं.

चालेल

मंगळवारी संध्याकाळी घरी सोडलं. बुधवारी प्रशांत आला. गुरुवारी खाजगी डॉक्टरांनी कागद वाचला, वर पाहिलं आणि म्हणाले, "पिशवी द्या बरं." आत हात घालून त्यांनी एक डबी काढली.

"हे काय?"

"कारल्याची पावडर. भाजीच समजा सर."

ते हसले नाहीत. प्रशांतनं कपाळाला हात लावला. पावडर डॉक्टरांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, बीपी पाहिलं, घाई न करता दोनदा ऐकलं, आणि फिटनेसवर सही केली.

शुक्रवारी आठच्या आधी आम्ही हजर होतो. पुन्हा कागद, पुन्हा थैली, पुन्हा बोट. ते छोटं यंत्र आकडा दाखवायला पाच सेकंद घेतं. माझ्या नोकरीत गाड्या तासन्‌तास लेट झाल्या, पण एवढी लांब वाट मी पाहिली नाही. कमलनं माझं मनगट धरलं होतं, सलाईनच्या जखमेवरच, आणि मी ओरडलो नाही.

मोठ्या सरांनी आकडा पाहिला. कागदावरचे मागच्या चार दिवसांचे आकडे पाहिले.

"चालेल. यांना पहिला नंबर द्या."

ऑपरेशनचं काय सांगू? निळं-पिवळं पाणी हलल्यासारखं दिसलं. सर फक्त एकदा बोलले, "काका, बोलू नका." गप्प राहण्याचा माझा तो विक्रम असावा.

शनिवारी सकाळी पट्टी काढली. सर रात्रीच नागपूरला परतले होते, त्यांना धन्यवाद द्यायचे राहिले, ते इथे देतो. समोरच्या तक्त्यावरच्या ओळी मी वाचत खाली गेलो, अगदी शेवटची एक सोडून. भिंत पांढरी होती, आणि पांढरा रंग एवढा पांढरा असतो हे मी विसरलो होतो. कमलच्या साडीचा काठ हिरवा होता. प्रशांतचे कानाजवळचे केस पिकले होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दोघांकडे पाहतच राहिलो, शेवटी कमल म्हणाली, "नजर लागन न."

बाहेर बाकावर औषधं मिळायची वाट पाहत बसलो होतो. प्रशांतच्या हातात सिस्टरचा कागद होता. मी तो घेतला. चाळिशीचा जुना चष्मा नाकावर ठेवला, हात लांब केला, आणि वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून. बीपीची गोळी, सकाळी. थेंब, दोन वेळा. सगळं कमल वाचून दाखवायची तसंच. पण तळाशी आणखी एक ओळ होती. खाली दोन रेघा मारलेली.

'रुग्ण गोड बोलतो आणि माहिती लपवतो. सांगेल त्यावर विसंबू नये. पिशवी उघडून पाहावी.'

"हे कवा लिव्हलं?" मी विचारलं.

"सोमवारीच," कमल म्हणाली.

"अन् तू रोज वाचून दाखवत होती. तं हे काहून नाई वाचलं?"

"तुमी कोनाले काई पुरं सांगतलं का, मी सांगू?"

प्रशांत खिडकीकडे वळला. हसू दाबताना पाठ हलत होती त्याची.

मी रागवायची तयारी केली. पण कागद समोरच होता. शाई निळी होती, घाईत लिहिलेल्या अक्षरांचे पाय जरा तिरके पडले होते, आणि खालच्या दोन रेघांमधली दुसरी कागद फाटेल एवढी दाबून ओढलेली होती. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा, मोठ्यानं, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशी.